किल्लारीची भिंत आणि किल्लारीचा खांब
#थ्रेड

१/ दर वर्षी ३० सप्टेंबर आला की एक वाक्य हमखास फिरू लागते : किल्लारीला मातीच्या घरांनी माणसे मारली. हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने मराठवाड्याच्या घरबांधणीचे मोठे नुकसान केले आहे.

२/ सन १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून लोक उशिरा निजलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. दोष घरांचा होता, यात वाद नाही. वाद आहे तो घराच्या कोणत्या भागाचा, याविषयी.

३/ या मुलखातले जुने घर ‘खणा’चे. दगडी उथळ्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि सर्वांत वर मातीचे माळवद. घराचे मोजमापही खणांतच सांगत. छताचा भार खांब पेलत. भिंत हा केवळ आडोसा.

४/ पण तो आडोसा दोन-दोन फूट जाडीचा. ओबडधोबड दगडांचे आत-बाहेर दोन पदर, मधे चिखल आणि कपच्या. दोन्ही पदरांना शिवणारा आरपार दगड बहुधा नसेच. हादरा बसताच पदर फाटले आणि भिंती निजलेल्यांवर कोसळल्या. नंतर पाहणीस गेलेल्या अभियंत्यांना अनेक ठिकाणी दिसले ते असे : भिंती जमीनदोस्त, आणि लाकडी सांगाडा माळवदासह उभा. जिथे खांब नव्हते, तुळया थेट भिंतीवर टेकलेल्या होत्या, तिथे भिंतीमागोमाग छतही आले.

५/ यावर वाड्यांच्या भक्तांनी टाळ्या पिटण्याचे कारण नाही. ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ हेही तितकेच पोकळ. खणाच्या सांगाड्यात तिरपे आधार नसत, खांब उथळ्यावर नुसते टेकवलेले असत, गळती थांबवण्यासाठी माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत, आणि वाळवीने पोखरलेला खांब कोणालाच वाचवत नाही.

६/ उणीव होती ती तिरप्या लाकडाची. १७५५च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा उभारताना पोर्तुगीज अभियंत्यांनी भिंतींच्या आतच फुलीदार लाकडी सांगाडा घातला. त्याचे नाव ‘गायोला’, म्हणजे पिंजरा. काश्मीरची ‘धज्जी देवारी’ याच जातीची : लाकडी चौकटीचे लहान लहान कप्पे, त्यांत दगड-माती. हादऱ्यात कप्पे हलतात, तडकतात, पण भिंत एकसंध पडत नाही. २००५च्या भूकंपानंतर पाकिस्तान सरकारने आरंभी सिमेंटचाच आग्रह धरला. पुढे धज्जीला रीतसर मान्यता द्यावी लागली.

७/ महाराष्ट्रात ज्ञान नव्हते म्हणावे, तर तेही नाही. भारतीय मानक ब्युरोची मातीच्या इमारतींविषयीची संहिता (आयएस १३८२७) आणि दुबळ्या दगडी बांधकामाविषयीची (आयएस १३८२८), दोन्हींवर वर्ष आहे १९९३! आरपार दगड, भिंतीभोवती लाकडाचा वा काँक्रीटचा पट्टा, सारे तिथे लिहिलेले आहे.

८/ प्रत्यक्षात काय झाले? ५२ गावे नव्या जागी हलली, सरळ रस्त्यांच्या चौकटीत घरे उभी राहिली. बेघरांना तातडीने छप्पर मिळाले, हे मान्यच. परंतु लोकांच्या मनात ठसले ते एवढेच की माती-लाकूड म्हणजे मृत्यू आणि सिमेंट म्हणजे अभय. ते अभय किती टिकाऊ? २६ जानेवारी २००१ रोजी भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. कच्छमधले मातीचे गोल भुंगे मात्र बहुतांशी तगले.

९/ माळवदाची घरे आजही धाराशिव, सोलापूर, बीडकडे उभी आहेत आणि त्यांत माणसे निजतात. जादा माती उतरवणे, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे लाकूड ठोकणे, भिंतीत आरपार दगड बसवणे : गावचा सुतार आणि गवंडी मिळून करतील अशी ही कामे. त्याऐवजी डागडुजी निघाली की अनेकदा जुने खांब उपटून लाकूडबाजारात विकले जातात, दगडी भिंत तशीच राखली जाते, आणि तिच्यावर सिमेंटचा स्लॅब पडतो.