‘९९ टक्के शुद्ध’ कुपीत काय असतं?

हल्ली पेशंट मोबाइल पुढे करतात. “डॉक्टर, रिपोर्ट बघा, एचपीएलसी ९९ टक्के शुद्ध!” रिपोर्ट असतो ऑनलाइन मागवलेल्या पेप्टाइडच्या कुपीचा. कुणाला वजन उतरवायला सेमाग्लुटाइड हवं असतं, तर कुणाला गुडघ्यासाठी बीपीसी-१५७. लेबलवर बारीक अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी’. टोचून मात्र तुम्ही घेणार!

एचपीएलसी उत्तम चाचणी आहे, माझं भांडण तिच्याशी नाही. बारीक कणांनी भरलेल्या नळीतून द्रावण दाबाने ढकलतात. वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. त्या वेळी ते अतिनील प्रकाश (पेप्टाइडसाठी साधारण २१४ ते २२० नॅनोमीटर) किती शोषतात, ते यंत्र नोंदवतं आणि आलेखावर उंचवटे उमटतात. सगळ्या उंचवट्यांच्या क्षेत्रफळात मुख्य उंचवटा ९९ टक्के भरला, की झालं ‘९९ टक्के शुद्ध’.

पण हे झालं प्रमाण. वजन कुठे आहे? ताटातल्या शंभर दाण्यांपैकी नव्याण्णव आंबेमोहोर निघाले म्हणून पोतं किती किलोचं ते कळतं का? कुपीत ५ मिलिग्रॅम आहे की ८, हे ठरवायला माहीत असलेल्या मात्रेच्या प्रमाणित नमुन्याशी तुलना करावी लागते. सेमाग्लुटाइड आम्ही आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करतो आणि सावकाश वाढवतो. तिथे अंदाजपंचे डोस घेतलात तर उलट्यांनी हैराण व्हाल. शिवाय तो उंचवटा सेमाग्लुटाइडचाच आहे, याची खात्री करायला मास स्पेक्ट्रोमेट्रीसारखी वेगळी तपासणी लागते.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कुपी निर्जंतुक आहे का, त्यात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन आहे का, हे या आलेखात दिसतच नाही. ते इंजेक्शनमधून शरीरात गेलं तर थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाबही कोसळू शकतो. त्याच्या चाचण्या स्वतंत्र असतात. आणि तपासलेला नमुना तुमच्याच बॅचचा होता, हे कुणी सांगितलं? विकणाऱ्यानेच ना?

सेमाग्लुटाइड आपल्याकडे रीतसर मंजूर आहे. चिठ्ठीवर, बिलासकट मिळतं. बीपीसी-१५७ ला अशी मंजुरी नाही आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना त्यावर बंदी घातली आहे.

आधीच टोचून घेतलं असेल आणि ताप आला, जागा लाल होऊन सुजली किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुपी सोबत न्या. लाजून फेकून देऊ नका.