एक्स्प्लेनर : तबल्याच्या साथीला सिम्फनी ऑर्केस्ट्रा! ‘पेशकार’ काय आहे, खान्देशाला त्याचे काय?

ऑर्केस्ट्रा म्हटले की आपल्याला हिंदी-मराठी गाण्यांचा स्टेज शो आठवतो. सिम्फनी ऑर्केस्ट्रा वेगळा. त्यात व्हायोलिनपासून ट्रम्पेटपर्यंतचे अनेक वादक समोरची स्वरलिपी वाचत, कंडक्टरच्या इशाऱ्यावर वाजवतात.

‘पेशकार’ काय आहे?
तबल्याचे एकल वादन पेशकाराने सुरू होते. उस्ताद झाकीर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेला हेच नाव दिले. मुंबईच्या एनसीपीएत २०१५ मध्ये ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ने ती प्रथम सादर केली. हा ऑर्केस्ट्रा एनसीपीएनेच २००६ मध्ये उभा केला.

अवघड काय?
तबलावादक ऐनवेळी सुचेल ते वाजवतो. ऑर्केस्ट्राला लिहिलेली मात्रा बदलता येत नाही. दोघांना एकत्र समेवर आणणे हीच कसोटी. झाकीरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेले. पण ऑर्केस्ट्राचा भाग कागदावर आहे, म्हणून रचना पुढेही वाजू शकते.

खान्देशाचा संबंध काय?
जळगाव-धुळ्यातले बँडवाले लग्नात क्लॅरिनेट, ट्रम्पेट वाजवतात. ऑर्केस्ट्रातही हीच वाद्ये असतात. आपले वादक मात्र बहुतेक कानाने शिकलेले. लग्नाच्या सुपारीसाठी त्यांची गाठ आता डीजेशी आहे. स्वरलिपी आली, तर कामाचा दुसरा रस्ता खुला होईल.

अख्खा ऑर्केस्ट्रा मुंबईहून ४०० किलोमीटर आणणे खर्चिक आहे. पण पाच-सहा वादक जळगावच्या संभाजीराजे नाट्यगृहात नक्कीच येऊ शकतात. दुपारी बँडवाल्यांसाठी कार्यशाळा, संध्याकाळी मैफल. एनसीपीए आणि इथल्या संगीत संस्थांनी एवढे मनावर घ्यावे.