काटा काय सांगतोय?

उन्हाळा लागला की या सदराकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. त्यातला पहिला: "एसी चालू आहे, पण खोली गार होत नाही. गॅस भरून घेऊ का?" म्हणून या वेळी दाब आणि गारवा या दोनच गोष्टींबद्दल बोलू. भोपाळमध्ये राहणाऱ्यांनी हा विषय जरा जास्तच नीट समजून घ्यावा असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

मेकॅनिकला फोन करण्याआधी जाळी काढून धुवा. बाहेरच्या युनिटवरची धूळ बघा, त्याच्या समोर कुणी जुनं सामान रचलंय का तेही बघा. मग पंधरा मिनिटं एसी चालवून साध्या थर्मामीटरने दोन ठिकाणी तापमान मोजा: एसी हवा आत ओढतो तिथे आणि गार हवा बाहेर येते तिथे. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर एसी आपलं काम करतोय. मग खोलीत येणारं ऊन आणि दाराखालची फट यांच्याकडे वळा. फरक कमी असेल आणि जाळी स्वच्छ असूनही कॉइलवर बर्फ जमत असेल, तर गॅस कमी झाला असण्याची शक्यता मोठी.

पण गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो वापरून संपत नाही, बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, एवढाच त्याचा अर्थ. "आम्ही दर उन्हाळ्यात गॅस भरून घेतो" हे लोक नियमितपणाचं लक्षण म्हणून सांगतात, ते मला कधीच कळलेलं नाही. चांगला मेकॅनिक आधी नळ्यांमध्ये दाबाने नायट्रोजन भरतो, गेज लावतो आणि थांबतो. काटा जागेवर राहिला तर नळ्या धड आहेत. उतरला तर भोक आहे. ते साबणाच्या फेसाने शोधायचं, नायट्रोजन सोडून देऊन जोड पक्का करायचा, व्हॅक्युम पंपाने नळ्या रिकाम्या करायच्या आणि मगच वजन करून गॅस भरायचा. याला दोन-तीन तास लागतात. पंधरा मिनिटांत गॅस भरून जाणाऱ्याने गळतीला हातही लावलेला नसतो.

नायट्रोजनच्या याच परीक्षेत आपल्या शहरातली एक टाकी नापास झाली होती. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातली, नंबर ई-६१०. तिच्यात मिथाइल आयसोसायनेट होतं, सुमारे ४० टन. टाकीतला माल बाहेर ढकलायला आणि बाहेरचं काही आत येऊ न द्यायला नायट्रोजनचा दाब ठेवायचा असतो. १९८४च्या ऑक्टोबरअखेरीस या टाकीत तो दाब टिकेना. दाब टिकत नाही, म्हणजे कुठेतरी वाट मोकळी आहे. टाकी तशीच, भरलेली, राहिली.

आता गारवा. हे द्रव ३९ अंशांना उकळतं, म्हणून ते शून्याच्या आसपास गार ठेवायचं असतं. त्यासाठीचं शीतयंत्र त्याच वर्षीच्या जूनमध्ये बंद केलं गेलं आणि त्यातला थंड करणारा पदार्थ काढून दुसरीकडे वापरला. टाकी कायमच ठरलेल्या मर्यादेपेक्षा गरम राहू लागल्यावर तिच्या तापमानाच्या अलार्मला अर्थ उरला नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार ओळखीचं आहे. रोज वाजतो म्हणून बंद केलेला अलर्ट प्रत्येक ऑफिसात एक तरी असतो.

२ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी शिरलं. ते कसं, यावर कंपनी आणि बाकीचे यांच्यात वाद झाले. काट्याबद्दल मात्र नोंद आहे. साडेदहाच्या आधी दाब २ पीएसआय होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकराला काटा १० वर. नव्या पाळीला त्यात वावगं वाटलं नाही, कारण २ ते २५ ही नेहमीचीच मर्यादा होती. पुढे डोळे चुरचुरू लागले, गळती दिसली, आणि चहानंतर बघू असं ठरलं. पाऊण वाजण्याच्या सुमारास काटा ५५ला, म्हणजे पट्टीच्या शेवटाला जाऊन टेकला. गॅस जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता.

१० हा आकडा ठीकच होता. चाळीस मिनिटांत दाब पाचपट झाला, हे ठीक नव्हतं. ते कळायला आधीचा आकडा माहीत असावा लागतो. आपल्या घरातली मोठी माणसं गॅसकांडाबद्दल बोलतात ती डोळ्यांच्या आगीबद्दल आणि त्या रात्रीच्या धावपळीबद्दल. आपल्या पिढीपर्यंत "गॅस गळाला" एवढं एकच वाक्य पोचलंय. त्याआधीचे पाच-सहा महिनेही आपल्याला माहीत असायला हवेत.

आता घरातल्या गीझरकडे या. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ७० वर नेलं की ते सुमारे ३०० मिली फुगतं. वाढलेला दाब बाहेर जावा म्हणून खाली छोटा व्हॉल्व्ह असतो आणि गरम होताना तो ठिबकतो. आमच्या ओळखीच्या एका घरी मिस्त्रीने या ठिबकण्यावर इलाज म्हणून तिथे चक्क प्लग ठोकला होता, आणि फरशी कोरडी राहते म्हणून काकू खूश होत्या. असा प्लग दिसला तर गीझर आजच बंद करून व्हॉल्व्ह बदलून घ्या. थर्मोस्टॅट अडकला तर त्या टाकीला दुसरी वाट नाही. गीझर बंद असतानाही सतत ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह खराब आहे किंवा येणाऱ्या पाण्याचा दाब जास्त आहे. तेव्हाही व्हॉल्व्ह बदलायचा, बुजवायचा नाही.

कुकरचं तुम्हाला माहीतच आहे. कडेने वाफ जाते तेव्हा रिंग बदलायची. शिट्टीही नाही आणि वाफही नाही, तर गॅस बंद करून तो पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मग नळी साफ करायची. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घ्या.

फ्रिजच्या मागचं स्टिकर एकदा वाचा. आर-६००ए लिहिलं असेल तर आतला गॅस पेट घेणारा आहे. तो थोडाच असतो, पण आत गॅस असताना कुणालाही तिथे टॉर्च पेटवू देऊ नका आणि काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा.

एसीबद्दल प्रश्न पाठवताना थर्मामीटरचे दोन्ही आकडे आणि याआधी गॅस कधी भरला ती तारीख लिहा. तारीख आठवत नसेल तर या वेळी युनिटवरच पेनने लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या.