कोकण दूर, टिपेश्वर त्याहून दूर

दिवाळीच्या सुट्या लागल्या की यवतमाळच्या घराघरांत नकाशे उघडतात. गणपतीपुळे की तारकर्ली, रेल्वे की ट्रॅव्हल्स, मुलांना समुद्र झेपेल का, यावर आठवडाभर खल होतो. समुद्र पाहायचा तर आपल्याला अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो, आणि तो आपण हौसेने ओलांडतो. त्यात वावगे काहीच नाही. पण पाहुण्याने 'तुमच्याकडे पाहायला काय आहे?' असे विचारले, की आपण ओशाळे हसून म्हणतो, 'आमच्याकडे काय, कापूस!'

पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य यवतमाळहून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. सागाचे रान, पावसाळ्यात धबधबे आणि वाघ. इतके वाघ, की जागा अपुरी पडून तरुण वाघ बाहेर पडतात. २०१९ च्या फेब्रुवारीत इथल्या एका वाघाला रेडिओ कॉलर लावली. तो तेलंगणात आदिलाबादकडे उतरला, तिथून मराठवाड्यात शिरला आणि शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशेहून अधिक किलोमीटर! 'वॉकर' या नावाने त्याची बातमी जगभर गेली. यवतमाळच्या किती शाळांची सहल त्याच्या जन्मगावी गेली, हे मात्र विचारू नये.

याच रानाच्या काठाची दुसरी हकीकत आपण विसरलेलो नाही. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात तेरा माणसे मारली गेली आणि त्यांचा ठपका 'अवनी' वाघिणीवर आला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात तिला गोळी घातली गेली. देशभर हळहळ झाली, न्यायालयात वाद गेले. ऐन वेचणीच्या दिवसांत जमावाने शेतात जायचे आणि दिवस असतानाच परतायचे, अशी पाळी ज्या बायाबापड्यांवर आली होती, त्यांच्या बाजूने बोलणारे मोठ्या शहरांत फारसे नव्हते. वाघाचे कौतुक जिप्सीत बसणाऱ्याने करायचे आणि धास्ती वेचणाऱ्या बाईने घ्यायची, ही वाटणी बदलत नाही तोवर पर्यटनाचे कितीही फलक लावले तरी गावकरी त्याकडे पाठच फिरवणार. रानडुकरांनी उभे पीक लोळवल्यावर तर त्याला अभयारण्य हा शब्दही नकोसा होतो.

कळंबचा चिंतामणी आपण पाहिलेला असतो, पण दर्शनापुरता. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जाणारे ते मंदिर आणि तिथल्या कुंडाचे पाणी वर चढून गणपतीच्या पायांना लागते ही श्रद्धा, एवढे आटोपले की गाडी वळते. उमरखेडकडे पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा तर आपण नांदेडकरांनाच बहाल केला आहे. नदी मधे, एक काठ त्यांचा, एक आपला.

कोकणालाही हे सारे आयते मिळाले नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, हे खरेच. पण पाहुणा टिकला तो घरच्या पडवीत आणि घरच्या जेवणावर. म्हणजे पैसा घरात आला. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यालाही केंद्र काढता येते. टिपेश्वरच्या वेशीवरच्या कुणबी किंवा कोलाम कुटुंबाला ते जमणार नाही असे नाही. ज्वारीची भाकरी, झुणका, अंबाडीची भाजी आणि रानाच्या खाणाखुणा सांगणारा घरधनी असला तर पाहुणा एक रात्र अधिक राहील. मात्र त्याआधी घराला शौचालय, हाताशी थोडे भांडवल आणि कागदपत्रांना मदत लागेल. ते कोण देणार?

चर्चा मात्र मोठ्या रस्त्याची आहे. पवनार ते गोव्याची हद्द असा सुमारे ८०० किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि आखणीसाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मान्यता दिली. तो यवतमाळ जिल्ह्यातून जाणार, अठरा तासांचा गोवा आठ तासांवर येणार असे सांगण्यात आले. कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी कडाडून विरोध केला. आपल्याकडचा प्रश्न थोडा वेगळाही आहे. समुद्राकडे धावणारी गाडी इथे थांबेल कशाला? पेट्रोल आणि चहा, एवढ्याने जिल्ह्याचे पोट भरत नाही.

थांबवण्याजोगे एक साधन आपल्या हाती होते. मूर्तिजापूर-यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची 'शकुंतला'. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचावा म्हणून ती आली, आणि १९९४ पर्यंत तिला ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच होते. दार्जिलिंगची छोटी गाडी पाहायला आपण तिकीट काढतो. आपली मात्र बंद पडली, तेव्हा हळहळून गप्प बसलो. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्ध्याहून कळंबपर्यंत नवी रुंद रेल्वे आली, पुढे ती यवतमाळमार्गे नांदेडला जायची आहे. शकुंतलेच्या जुन्या मार्गाचे काय करायचे, हे विचारायला यवतमाळकरांनी आता तरी तोंड उघडावे. निदान या सुटीत मुलांना ते रूळ दाखवून आणावेत.