बळ्ळारी नाल्याची वही

बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारांत घुसते, भात कुजते आणि विषय पंचनाम्यावर मिटतो. पाणी कुठल्या बांधावरून शिरले, किती दिवस तुंबले, याची नोंद शेतकऱ्यांनीच छोट्या सहकारी संस्थेमार्फत ठेवायला हवी. अशी नोंद म्हणजे संशोधन आणि ते तज्ज्ञांचे काम, असा आक्षेप येईल. पण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने अभ्यासगटांतून जंगल समजून घेतले, मधमाश्या न मारता मध काढण्याचाही अभ्यास केला आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. बाहेरचे जाणकार सोबतीला होते. निर्णय मात्र ग्रामसभेचाच. पैशाची अडचण खरी आहे, म्हणूनच संस्थेचा भाग (शेअर) लहान असावा आणि दप्तर प्रत्येक सभासदाला खुले. येत्या पेरणीपूर्वी नाल्याकाठच्या शेतकऱ्यांनी पाण्याची पातळी दाखवणारे खुणेचे खांब रोवावेत आणि पहिली वही उघडावी.