चुकांचा रियाज

तीनेक आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारची सकाळ, चहा चालू, आणि आमची कन्या चित्र रंगवता रंगवता काहीतरी गुणगुणत होती. सूर ओळखीचा वाटला. अरे, हा तर मी सहा महिने पियानोवर घोटतोय तो जी मेजरमधला मिन्युएट! छाती फुगणार एवढ्यात ती विसाव्या बारपाशी आली आणि चक्क सी गायली. तिथे सी शार्प आहे हो! (पेटीवाल्यांसाठी: काळी एकच्या जागी पांढरी एक.) तिने नोटेशन कधी पाहिलेलंसुद्धा नाही. ती शिकली ती माझ्याकडून. चुकीसकट.

पियानो शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण या मिन्युएटवाटे जातो. अ‍ॅना माग्डालेना बाखच्या 1725 च्या वहीतला हा तुकडा वर्षानुवर्षं बाखचाच समजला गेला. खरा ख्रिस्तियान पेट्झोल्डचा. एकूण 32 बार. पहिल्या 16 बारांत सी साधा, पांढरा. उत्तरार्धात सुरावट काही वेळ डी मेजरकडे वळते आणि सी काळ्या पट्टीवर चढतो. बोट मात्र सवयीने पांढरीवरच पडतं.

आता माझी प्रॅक्टिस कशी चालायची बघा. पहिल्यापासून सुरू करायचं, विसाव्या बारला आपटायचं, 'च्च' करून सी शार्प दाबायचा आणि परत पहिल्यापासून. वीस वेळा चुकलो आणि एकविसाव्यांदा जमलं की स्वारी खूश, पियानो बंद. म्हणजे स्कोअर काय झाला? चूक 20, बरोबर 1. हाताला बरोबर-चूक कळत नाही राव, किती वेळा केलं एवढंच कळतं. शिवाय ते अडखळणं आणि 'च्च' हेसुद्धा तुकड्याचा भाग म्हणून पाठ झालं.

गंमत म्हणजे ऑफिसात मी असं कधीच करत नाही. बग सापडला की तो नेमका कुठे आहे ते शोधायचं, तेवढा भाग वेगळा काढायचा, दुरुस्त करायचा आणि मगच परत जोडायचा. अख्खा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवून 'या वेळी तरी चालेल' म्हणत बसणाऱ्या ज्युनियरला मी काय म्हणेन ते इथे लिहीत नाही.

तर मग तेच इथे केलं. फक्त एकोणीस-वीस हे दोन बार घेतले. आधी उजवा हात एकटा. कुठलं बोट कुठे पडणार ते पेन्सिलीने लिहून टाकलं, कारण रोज वेगळी बोटं वापरली तर हात रोज नव्याने शिकतो. मेट्रोनोम 50 वर, म्हणजे कंटाळा येईल इतका संथ. सलग पाच वेळा बिनचूक आलं तरच 54. मध्ये चुकलं की मोजणी शून्यावर. मग डावा हात, मग दोन्ही, आणि शेवटी मागचा एक बार, पुढचा एक बार जोडायचा. कारण चुका बहुतेकदा सांध्यातच असतात. रोज दहा मिनिटं, बस्स.

कोणी म्हणेल, मग सलग वाजवायचंच नाही का? वाजवायचं की! लोकांसमोर वाजवताना थांबून मागे जाता येत नाही, त्यामुळे चुकलं तरी पुढे जायची सवयही हवी. पण ती वेगळी प्रॅक्टिस. दुरुस्ती आणि तालीम एकाच वेळी करायला गेलं की दोन्ही बोंबलतात. आणि संथ वाजवतानाही बोटं अशीच निवडायची, जी वेगातही पुरी पडतील.

'खूप प्रॅक्टिस कर, येईल' हा सल्ला म्हणूनच मला आता अर्धवट वाटतो. खूप प्रॅक्टिसनेच तर ती चूक इतकी पक्की बसली होती!

असो. माझा विसावा बार आता बराचसा सुधारलाय. मुलगी अजून पांढरीच गाते. तिला टोकलं नाही. चूक तिची नाहीच. सध्या हेडफोन कपाटात ठेवलाय आणि ती खोलीत असताना तो बार सावकाश, बरोबर वाजवतोय. सहा महिन्यांची उधारी आहे, फेडायला वेळ लागेल.