एकहार्ट : वेचलेल्या वाक्यांपलीकडे

माइस्टर एकहार्ट (सु. १२६०–१३२८) याचे नाव आपल्याकडे येते ते बहुधा अद्वैताच्या चर्चेत. रूडोल्फ ओटो यांनी १९२६ मध्ये त्याची शंकराचार्यांशी तुलना केली, आणि चार-दोन वाक्ये वेचून त्याला ‘पाश्चात्त्य वेदान्ती’ म्हणणे सोपे झाले. (ओटो यांनी दोघांतील भेदही तितक्याच आग्रहाने मांडले होते, ते मात्र सोयीस्करपणे विसरले जातात.)

ही वेचणी विशेष खटकते, कारण एकहार्टवरील खटलाच तिच्यावर उभा होता. १३२६ मध्ये कोलोनच्या आर्चबिशपने चौकशी आरंभली. लॅटिन ग्रंथांतून व जर्मन प्रवचनांतून विधाने काढून त्यांच्या याद्या करण्यात आल्या. २७ मार्च १३२९ च्या आज्ञापत्रात पोप बावीसावा जॉन याने २८ विधाने सदोष ठरवली : १७ पाखंडी, ११ संशयास्पद. एकहार्ट तोवर निवर्तला होता. विधान कोणत्या वचनाच्या विवरणात आले, कोणापुढे उच्चारले गेले, याला यादीत स्थान नव्हते.

वास्तविक ‘कोणापुढे’ हाच कळीचा प्रश्न होता. डोमिनिकन संघाच्या या साधूने पॅरिस विद्यापीठात दोनदा ईश्वरविद्येचे अध्यापकपद भूषविले. असा मान त्यापूर्वी थॉमस अक्वायनस याला लाभला होता. तेथील त्याची भाषा अर्थातच लॅटिन. पुढे स्ट्रासबूर्ग व कोलोन येथे मठवासी स्त्रियांपुढे आणि सामान्य श्रोत्यांपुढे तो जर्मनमधून बोलू लागला. साध्याभोळ्या लोकांसमोर त्याने ही शिकवण मांडली, असा ठपका आज्ञापत्र प्रारंभीच ठेवते. अडाण्यांना शिकवलेच नाही तर कोणी शहाणा कसा होणार, या आशयाचे उत्तर त्याने आपल्या सांत्वनपर ग्रंथात आधीच देऊन ठेवले होते. १३१० मध्ये मार्गरीत पोरेत हिला फ्रेंच भाषेतील ग्रंथापायी पॅरिसमध्ये जिवंत जाळण्यात आले आणि १३११ मध्ये एकहार्ट तेथे पुन्हा अध्यापनास आला. लोकभाषेत ईश्वरविद्या बोलण्याची किंमत त्याला ठाऊक नव्हती, असे म्हणवत नाही.

त्याचा प्रभाव टाउलर, झॉइझ या शिष्यपरंपरेतून झिरपत राहिला. ‘गेलासेनहाइट’ (सर्व सोडून देऊन निवांत असणे) हा त्याचा शब्द १९५९ मध्ये हायडेगरच्या पुस्तकाचे शीर्षक झाला. लॅटिन ग्रंथांचा महत्त्वाचा भाग मात्र १८८६ मध्ये डेनिफ्ले यांनी उजेडात आणला. तोवर वाचकांपुढे होता तो प्रामुख्याने जर्मन प्रवचनकार, म्हणजे अर्धाच एकहार्ट.

ज्ञानेश्वरी (१२९०) आणि एकहार्ट समकालीन असले तरी त्यांच्यात ऐतिहासिक संबंध नाही. तुलना करायचीच, तर ती निष्कर्षांची नको. शास्त्रभाषेतला विचार लोकभाषेत उतरताना वाक्याचे काय होते, याची हवी. त्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानावरील त्याचे लॅटिन भाष्य आणि त्याच शुभवर्तमानातील वचनांवरची जर्मन प्रवचने शेजारी ठेवून वाचावी लागतील. १९३६ पासून निघत गेलेल्या चिकित्सक आवृत्तीने ती सोय करून ठेवली आहे.